अपायकारक आणि संदिग्ध ऑनलाइन मजकुराचा अभ्यास: मराठीत काम करणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

समाजमाध्यमांवरील द्वेषपूर्ण मजकुरावर प्रबंध, प्रकल्प किंवा वृत्तमालिका करू पाहणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी चुकतात. ते आधी शिव्यांची आणि वादग्रस्त शब्दांची यादी करतात, त्या यादीच्या आधारे हजारो कॉमेंट गोळा करतात आणि मग त्या ढिगासमोर बसून ‘द्वेष म्हणजे नेमके काय’ हे ठरवू लागतात. तोवर उशीर झालेला असतो, कारण यादीत न बसणारा मजकूर हातातून निसटलेला असतो आणि यादीत बसणारा मजकूर अपायकारकच असणार, असे धरूनच तो गोळा झालेला असतो. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच पाळावेत. विशेषतः चौथा टप्पा पहिल्या तीन टप्प्यांच्या आधी सुरू करू नये.

काम संपेपर्यंत दोन घटना नजरेसमोर ठेवाव्यात. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदविषयी फेसबुकवर प्रश्न उपस्थित करणाऱ्या पालघरच्या एका तरुणीला, आणि ती पोस्ट केवळ लाइक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला, अटक झाली. त्या मजकुरात कोणाविरुद्धही चिथावणी नव्हती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवेवरून, भटक्या समाजातील पाच जणांचा जमावाने जीव घेतला. अशा अफवांचे जे संदेश त्या काळात व्हॉट्सॲपवर फिरत होते, ते काळजीपोटी दिलेल्या सूचनेच्या भाषेत असत आणि त्यांत शिवी असण्याची गरजच नव्हती. शब्द किती उग्र आहेत आणि त्यातून अपाय किती संभवतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच मोजाव्या लागतात.

## १. प्रश्न आणि मोजणीचे एकक ठरवा

‘मराठी समाजमाध्यमांवर द्वेष वाढला आहे का?’ हा प्रश्न चर्चासत्राला चालेल, अभ्यासाला चालणार नाही. त्याऐवजी मंच, कालखंड, लक्ष्य आणि तुलना या चारही गोष्टी प्रश्नातच आल्या पाहिजेत. उदाहरणार्थ: ‘२०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या प्रचारकाळात, निवडलेल्या मराठी वृत्तवाहिन्यांच्या यूट्यूब व्हिडिओंखाली जातीवरून अवमान करणाऱ्या कॉमेंटचे प्रमाण प्रचारापूर्वीच्या महिन्याच्या तुलनेत किती बदलले?’ असा प्रश्न लांबलचक वाटतो, पण पुढचे निम्मे वाद तोच मिटवतो.

त्यानंतर एकक ठरवावे. तुम्ही कॉमेंट मोजणार आहात, संपूर्ण संवादसाखळी मोजणार आहात की खाती मोजणार आहात? एकच मजकूर पाचशे ठिकाणी चिकटवलेला आढळला, तर मजकुराच्या वैविध्याचा अभ्यास करणाऱ्याने तो एकदा मोजावा आणि प्रसाराचा अभ्यास करणाऱ्याने पाचशे वेळा मोजावा. हे आधी लिहून ठेवले नाही, तर निष्कर्ष सोयीप्रमाणे बदलण्याचा मोह होतो.

तपासणी: प्रश्न वाचून दुसऱ्या एखाद्या अभ्यासकाला तुमची मदत न घेता तोच मजकूर गोळा करता येईल का? येत नसेल, तर प्रश्न अजून तयार नाही.

## २. कायद्याची व्याख्या आणि अभ्यासाची व्याख्या वेगळी ठेवा

भारतीय कायद्यात ‘द्वेषपूर्ण भाषण’ या नावाची एकच व्याख्या नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत गटागटांत वैर वाढवणे कलम १९६ मध्ये, धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणे कलम २९९ मध्ये आणि लोकांत भय किंवा वैर निर्माण करणारी विधाने कलम ३५३ मध्ये येतात. त्यापूर्वीच्या घटनांसाठी भारतीय दंड संहितेची १५३अ, २९५अ आणि ५०५ ही कलमे पाहावी लागतात. जातीवाचक अपमानासाठी १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे, तर निवडणूक प्रचारासाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याची कलमे १२३ आणि १२५ आहेत. ही यादी माहीत असावी, पण तिचेच कोडबुक, म्हणजे कॉमेंटचे वर्गीकरण करण्याची नियमावली, करू नये. कॉमेंट बेकायदा आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. कोडरने (त्या नियमावलीनुसार वर्गीकरण करणाऱ्याने) कॉमेंटवर ‘गुन्हा’ असा शिक्का मारला, तर अभ्यास तिथेच फसतो.

कायद्यातून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. आक्षेपार्ह ऑनलाइन संदेश गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ च्या निकालात चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या वेगळ्या केल्या. त्यांपैकी पहिल्या दोन पायऱ्यांवरचे बोलणे कितीही अप्रिय असले, तरी ते अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा गाभा असल्याचे न्यायालयाने म्हटले. संयुक्त राष्ट्रांच्या २०१२ च्या रबात कृती आराखड्यातही चिथावणी पारखण्यासाठी सहा निकष आहेत: संदर्भ, वक्त्याचे स्थान, हेतू, मजकूर आणि त्याचे रूप, प्रसाराची व्याप्ती, आणि अपाय घडण्याची शक्यता. यांपैकी केवळ एकच निकष मजकुराच्या शब्दांशी संबंधित आहे, हे ध्यानात घ्यावे. फक्त कॉमेंटचा मजकूर उतरवून घेणारा अभ्यासक उरलेल्या पाच निकषांविषयी काहीही बोलू शकत नाही.

इतर लोकशाही देशांशी तुलना करायची असेल, तर आणखी जपून पावले टाकावीत. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या १९६९ च्या ब्रँडनबर्ग निकालापासून तात्काळ बेकायदा कृत्य घडवण्याच्या हेतूने केलेली आणि तसे घडण्याची शक्यता असलेली चिथावणीच दंडनीय ठरते, तर जर्मनीत लोकसमूहाविरुद्ध द्वेष चेतवणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे. त्यामुळे ‘काढून टाकलेल्या पोस्टची संख्या’ हा दोन देशांतील द्वेषाच्या तुलनेचा निकष होऊ शकत नाही. त्यातून नियमांमधला फरकच पुन्हा मोजला जातो.

## ३. गोळा करण्याआधी परवानगी आणि सुरक्षितता

हा टप्पा बहुतेकांना कागदी सोपस्कार वाटतो, म्हणून तो शेवटी उरकला जातो. संस्थेच्या नैतिकता समितीकडे अर्ज मजकूर गोळा करण्याआधी गेला पाहिजे. नंतर घेतलेली मंजुरी बहुतेक ठिकाणी ग्राह्य धरली जात नाही. व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा लागू होत नाही, पण तेवढ्याने नैतिक प्रश्न सुटत नाही. जिल्ह्यातल्या बातमीखाली रागाच्या भरात चार ओळी लिहिणाऱ्याने त्या आपल्या प्रबंधात नावानिशी छापल्या जातील, अशी कल्पना केलेली नसते.

खात्यांची नावे पहिल्याच दिवशी सांकेतिक क्रमांकांनी बदलावीत आणि नाव-क्रमांकाची जोडयादी वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवावी. व्हॉट्सॲपच्या बंद गटांत खोट्या ओळखीने शिरू नये. सोसायटीचा, भावकीचा किंवा गावकीचा गट हाताशी आहे म्हणून तो अभ्यासाचे साहित्य ठरत नाही. ज्यांना आपल्याकडे आलेले संदेश स्वेच्छेने द्यायचे आहेत त्यांच्याकडून ते घ्यावेत, आणि त्यातील इतरांची नावे व फोन क्रमांक उघडण्याआधीच पुसून घ्यावेत.

इशारा: अभ्यासासाठी स्वतःच चिथावणीखोर पोस्ट टाकून प्रतिसाद पाहणे हा प्रयोग करू नये. त्याचे परिणाम तुमच्या हातात राहत नाहीत.

## ४. मजकूर गोळा करणे

आधी मजकूर मिळवण्याचा मार्ग तपासावा, मग योजना आखावी. ट्विटरने (आताचे एक्स) संशोधकांसाठीची मोफत सोय २०२३ मध्ये बंद केली, आणि फेसबुकच्या अभ्यासात सर्रास वापरले जाणारे क्राउडटँगल हे साधन १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद झाले. जुन्या प्रबंधांतील कार्यपद्धतीचे प्रकरण जसेच्या तसे उचलणारे विद्यार्थी इथे अडकतात. क्राउडटँगलच्या जागी फेसबुकची मालक कंपनी मेटाने ‘कंटेंट लायब्ररी’ आणली आहे, पण तिच्यासाठी संस्थेमार्फत अर्ज करावा लागतो. यूट्यूबचा अधिकृत डेटा-मार्ग (एपीआय) अजून खुला आहे, मात्र त्याला रोजच्या वापराची मर्यादा आहे आणि साठवलेल्या मजकुराविषयी अटीही आहेत; त्या वाचूनच वेळापत्रक करावे. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याचे कलम ४० फार मोठ्या मंचांवर संशोधकांना डेटा देण्याचे बंधन घालते. भारतात तशी कायदेशीर हमी नाही, त्यामुळे उद्या एखादा मार्ग अचानक बंद होऊ शकतो हे धरूनच पर्याय तयार ठेवावा.

नमुना दोन भागांत घ्यावा. पहिला भाग पूर्णपणे यादृच्छिक असावा: ठरलेल्या व्हिडिओंखालच्या सर्व कॉमेंटमधून शब्द न पाहता उचललेला. दुसरा भाग शब्दांच्या यादीने किंवा विशिष्ट घटनेभोवती गोळा केलेला असावा. प्रमाण किती, हे केवळ पहिल्या भागावरून सांगता येते. दुसरा भाग प्रकार आणि रूपे समजून घेण्यासाठी असतो. हे दोन भाग मिसळून टक्केवारी काढणे ही या क्षेत्रातली सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. मार्गदर्शकांना आणि संपादकांना मोठा आकडा आवडतो, म्हणून ती चूक टिकूनही राहते.

प्रत्येक कॉमेंटसोबत मूळ पोस्ट, आधीचे किमान काही प्रतिसाद, प्रकाशनाची वेळ आणि तुम्ही ती टिपल्याची वेळ नोंदवावी. सर्वांत उग्र मजकूर बहुधा सर्वांत लवकर काढला जातो, त्यामुळे घटनेनंतर तीन महिन्यांनी गोळा केलेला नमुना सौम्य दिसतो. चित्रावर लिहिलेला मजकूर, व्यंग्यचित्रे आणि व्हिडिओतील बोलणे वगळणार असाल, तर तसे स्पष्ट लिहावे. मराठी राजकीय टवाळीचा मोठा भाग चित्रांतच असतो.

## ५. मजकूर स्वच्छ करताना अर्थ पुसू नका

देवनागरीतील काही अक्षरे संगणकात दोन प्रकारे साठवली जातात. ‘ऱ’ हे एकच चिन्ह असू शकते किंवा ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) यांची जोडी असू शकते. ‘ॲ’ आणि ‘अॅ’ यांचेही तसेच आहे. डोळ्यांना ती सारखी दिसतात, पण शोध घेताना एक सापडते आणि दुसरे निसटते. म्हणून सुरुवातीलाच सर्व मजकूर एका प्रमाण रूपात आणावा. रोमन लिपीतील मराठीसाठी प्रत्येक शब्दाची अनेक स्पेलिंगे गृहीत धरावीत, आणि हिंदी-मराठी मिश्र कॉमेंट ‘मराठी नाही’ म्हणून फेकू नयेत.

इंग्रजीसाठी बनलेल्या पद्धतीप्रमाणे इमोजी, अवतरणचिन्हे आणि ‘निरुपयोगी शब्द’ काढून टाकले जातात. मराठीत त्या यादीत ‘नाही’, ‘नको’, ‘नये’ आले, तर निषेधाचे वाक्य समर्थनाचे होते. अवतरणचिन्हे गेली, तर दुसऱ्याचे वाक्य लिहिणाऱ्याच्या तोंडी जाते. हसणारा इमोजी गेला, तर उपरोधाची एकमेव खूण जाते. मूळ प्रत कधीही न बदलता ठेवावी आणि कोडरला तीच दाखवावी.

## ६. कोडबुक तयार करा

सगळ्या अभ्यासाचा दर्जा इथे ठरतो, म्हणून निम्मा वेळ इथे गेला तरी चालेल. ‘द्वेषपूर्ण / द्वेषपूर्ण नाही’ अशा दोन खणांचे कोडबुक करू नये. त्याऐवजी प्रत्येक कॉमेंटला वेगवेगळे प्रश्न विचारावेत आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळ्या रकान्यात लिहावे.

पहिला प्रश्न: लक्ष्य कोण आहे? व्यक्ती, पद, पक्ष, विचारसरणी की जन्माने चिकटलेली ओळख? पुरोगाम्यांना ‘फुरोगामी’ म्हणणे टिंगल आहे, कदाचित असभ्यही आहे, पण तिचे लक्ष्य विचार आहे. ‘साडेतीन टक्के’ हा शब्दप्रयोग मात्र वरवर आकडा असून जातीकडे बोट दाखवतो. मंत्र्यावर कितीही जहाल टीका असली, तरी त्याच्या जातीचा उल्लेख येईपर्यंत ती टीकाच आहे. लोकशाहीत या सीमेवर चूक झाली, तर अभ्यासाचा वापर सत्ताधाऱ्यांवरील टीका दडपण्यासाठीही होऊ शकतो.

दुसरा प्रश्न: लिहिणारा काय करतो आहे? वर्णन, टीका, टिंगल, अवमान, हाकलून देण्याची मागणी, झालेल्या हिंसेचे समर्थन, पुढील हिंसेचे आवाहन, या पायऱ्या वेगळ्या नोंदवाव्यात. तिसरा प्रश्न: रूप कोणते? थेट, सूचक, उपरोधिक की दुसऱ्याच्या बोलण्याचे उद्धरण? एखाद्याला पडलेली जातीवाचक शिवी निषेधासाठी जशीच्या तशी लिहिणारी कॉमेंट शब्दयादीत हमखास सापडते आणि अजाण कोडर तिला अपायकारक ठरवतो.

आता संदिग्धतेकडे यावे. ‘संदिग्ध’ हा खण न जमलेल्या कॉमेंट टाकण्याची अडगळ नाही. संदिग्धता कोणत्या प्रकारची आहे हे नोंदवले, तर तोच अभ्यासाचा सर्वांत उपयुक्त भाग ठरतो. मराठीत तिचे निदान चार प्रकार सतत भेटतात.

लक्ष्य संदिग्ध असते, कारण मराठी कॉमेंट सर्वनामांवर चालते: ‘यांना’, ‘त्यांना’, ‘असल्या लोकांना’. हे कोण, ते वरच्या चार प्रतिसादांतच सापडते. कृती संदिग्ध असते: ‘यांना धडा शिकवा’, ‘जागा दाखवा’, ‘गावी पाठवा’. उमेदवाराच्या फोटोखाली ‘गावी पाठवा’ म्हणजे मतदानातून पाडा. फेरीवाल्यांच्या बातमीखाली त्याचा अर्थ बदलतो. वक्ता संदिग्ध असतो: ‘जय भीमवाले’ हे शब्द एकाच्या तोंडी अभिमानाचे असतात आणि दुसऱ्याच्या तोंडी हिणवण्याचे. तसेच ‘भय्या’ हे भाजीवाल्याला मारलेली साधी हाकही असते आणि उत्तर भारतीयांविषयीचा तिरस्कारही. ‘घाटी’ मुंबईत एका अर्थाने येते, गोव्यात घाटापलीकडून आलेल्यांना उद्देशून दुसऱ्या रोखाने. शेवटचा प्रकार सुराचा: स्तुतीच्या शब्दांत केलेली निंदा, ज्यात ‘शांतिदूत’ सारखा शब्द उलट अर्थाने येतो आणि लिहिणारा हटकले असता ‘मी तर चांगलेच म्हणालो’ असे म्हणून मोकळा होतो. नाकारण्याची ही सोय हेतूची खूण असू शकते, पुरावा नसते.

कोडबुकात प्रत्येक नियमासोबत एक बसणारे, एक न बसणारे आणि एक काठावरचे उदाहरण द्यावे. काठावरचे उदाहरण नसलेला नियम कोडिंगच्या पहिल्याच दिवशी मोडतो.

तपासणी: राईनपाड्यासारखा, शिवी नसलेला पण भीती पसरवणारा संदेश तुमच्या कोडबुकात कुठे बसतो? पालघरसारखी, अप्रिय पण निरुपद्रवी पोस्ट कुठे बसते? पहिला कुठेच बसत नसेल किंवा दुसरी अपायात जात असेल, तर कोडबुक पुन्हा लिहावे.

## ७. कोडिंग तीन फेऱ्यांत करा

किमान तीन कोडर असावेत आणि ते एकाच वसतिगृहातले, एकाच सामाजिक थरातले नसावेत. वऱ्हाडी किंवा मालवणी बोलीतला शब्द पुण्याच्या कोडरला शिवी वाटू शकतो. उलट जातीचा सूचक उल्लेख ज्याला कधी झेलावा लागला नाही, त्याला तो दिसतच नाही. शंभर कॉमेंटचा सराव, त्यावर एकत्र चर्चा, कोडबुकात दुरुस्ती आणि मगच खरे काम असा क्रम ठेवावा. सरावातील कॉमेंट अंतिम नमुन्यात घेऊ नयेत.

पहिल्या फेरीत कोडरला फक्त कॉमेंट दाखवावी. दुसऱ्या फेरीत मूळ पोस्ट आणि संवादसाखळी दाखवावी. तिसऱ्या फेरीत लिहिणाऱ्याविषयीची सार्वजनिक, पण ओळख न उघड करणारी माहिती द्यावी: खाते राजकीय पदाधिकाऱ्याचे आहे का, अनुयायी किती आहेत, तोच मजकूर इतरत्र टाकला आहे का. प्रत्येक फेरीचे उत्तर स्वतंत्र जपावे, आधीचे खोडू नये. किती कॉमेंटचे लेबल संदर्भ कळल्यावर बदलले, हा आकडा तुमच्या हाती येईल. तो बहुतेक अभ्यासांत नसतो आणि मजकूर काढण्याचे धोरण ठरवणाऱ्यांना त्याचीच गरज असते.

सलग काही तास असा मजकूर वाचणाऱ्याची संवेदना एक तर बोथट होते किंवा तो हादरून जातो. दोन्ही स्थितींत लेबले बिघडतात. रोजची मर्यादा ठरवावी. स्वतःच्या समाजाविषयीचा मजकूर नाकारण्याची मुभा कोडरला द्यावी, आणि मोबदला संख्येवर नव्हे तर वेळेवर द्यावा.

## ८. सहमती मोजा, पण टक्केवारीत नको

समजा, दोन कोडरांनी १,००० कॉमेंट पाहिल्या आणि प्रत्येकाने ३० अपायकारक ठरवल्या. त्यांतल्या १५ दोघांच्या समान निघाल्या. दोघांचे ९७० कॉमेंटबाबत एकमत आहे, म्हणजे ९७ टक्के सहमती. प्रत्यक्षात अपायकारक काय यावर त्यांचे निम्मेच जुळते, आणि योगायोगाने होणारी सहमती वजा करणारा कोहेनचा कप्पा हा निर्देशांक (पूर्ण सहमतीला १) इथे जेमतेम ०.४८ येतो. एकही कॉमेंट समान नसती, तरी सहमती ९४ टक्के दिसली असती आणि कप्पा शून्याखाली गेला असता. दुर्मीळ गोष्ट मोजताना साधी टक्केवारी फसवते ती अशी.

तीन किंवा अधिक कोडर असतील, तर त्याच प्रकारचा क्रिपेनडॉर्फचा अल्फा हा निर्देशांक वापरावा. ०.८० च्या वर विश्वासार्ह आणि ०.६६७ ते ०.८० दरम्यान तात्पुरते निष्कर्ष, ही प्रचलित पायरी आहे. अल्फा प्रत्येक रकान्यासाठी वेगळा द्यावा. ‘लक्ष्य कोण’ यावर सहमती चांगली आणि ‘उपरोध आहे का’ यावर कमी, असे चित्र दिसणे स्वाभाविक आहे. कमी सहमती लपवण्यासाठी कोडरांना एकत्र बसवून बहुमताने लेबल ठरवायचे आणि मग अल्फा काढायचा, हा प्रकार करू नये. चर्चेआधीचाच आकडा ग्राह्य आहे.

## ९. यंत्राची मदत

मराठीसाठी तयार डेटासंच आहेत. ‘महाहेट’ या संचात २५,००० हून अधिक ट्वीटना द्वेषपूर्ण, आक्षेपार्ह, अश्लील-शिवराळ आणि यांपैकी काही नाही अशी चार लेबले दिली आहेत. मात्र ट्वीटवर शिकलेले मॉडेल यूट्यूबच्या कॉमेंटवर किंवा व्हॉट्सॲप फॉरवर्डवर तेवढेच चालेल असे धरू नये, आणि त्याची चार लेबले तुमच्या रकान्यांशी आपोआप जुळतीलच असेही नाही. यंत्राकडून पाखडून घ्यावे, निवडायला माणसेच बसवावीत. यंत्राने ‘निर्दोष’ ठरवलेल्या कॉमेंटमधूनही काही शे माणसांकडून तपासून घ्याव्यात, कारण सूचक आणि उपरोधिक मजकूर तिथेच दडलेला असतो. भाषिक मॉडेलकडून लेबले करून घेतली, तर मॉडेलचे नाव, आवृत्ती, तारीख आणि दिलेली सूचना शब्दशः नोंदवावी.

## १०. निष्कर्ष लिहिणे

‘हजारो द्वेषपूर्ण कॉमेंट’ असे छेदाशिवाय लिहू नये. किती कॉमेंटपैकी, कोणत्या काळातल्या, कोणत्या मंचावरच्या, हे त्याच वाक्यात यावे. पोस्ट आणि दंगल एकाच आठवड्यात घडली म्हणून पोस्टमुळे दंगल झाली असे ठरत नाही. घटनाक्रम देता येईल. कारण सांगायला पोलीस नोंदी, मुलाखती आणि प्रत्यक्ष ठिकाणचे काम लागते. संदिग्ध कॉमेंट बाजूला काढून उरलेल्यांची टक्केवारी देणे टाळावे. त्या सर्व अपायकारक धरल्या तर प्रमाण किती आणि निरुपद्रवी धरल्या तर किती, अशी दोन टोके द्यावीत.

उदाहरणे छापताना मूळ वाक्य जसेच्या तसे देऊ नये, कारण ते शोधयंत्रात टाकताच खाते सापडते. अर्थ आणि वाक्यरचना राखून शब्द बदलावेत, तसे केल्याचे लिहावे, आणि बदललेले वाक्य स्वतः शोधून पाहावे. अपवाद लोकप्रतिनिधींच्या आणि पक्षांच्या अधिकृत खात्यांचा. त्यांचे शब्द सार्वजनिक नोंदीचा भाग आहेत आणि ते नेमकेच द्यावेत.

कोडबुक, कोडरांच्या तिन्ही फेऱ्यांची लेबले आणि वगळलेल्या मजकुराचे निकष परिशिष्टात द्यावेत. कच्चा मजकूर खुला करू नये. तो मागणाऱ्या अभ्यासकाकडून वापराचा लेखी करार घ्यावा, आणि नाव-क्रमांकाची जोडयादी नैतिकता समितीला कळवलेल्या तारखेला नष्ट करून तशी नोंद समितीकडे पाठवावी.